तुझ्या खिडकीखाली नको

अलापाहा, जॉर्जिया
१४ जून

लाडक्या शेल्बी,

तू, ब्रेंट आणि छोटी मेसी मजेत असाल. मी ठणठणीत आहे. शेजारच्या ओपलबाईंनी काही वेगळं कळवलं असेल तर मनावर घेऊ नकोस, त्यांना चर्चमधला प्रत्येक माणूस मरायला टेकलेलाच दिसतो.

पत्र कशाला, फोन करायचा, असं म्हणशील. फोनवर मला बोलता येत नाही, तुला ठाऊक आहे.

बातमी एवढीच की घराला नवा एसी बसवला. म्हणजे हीटर आणि एसी दोन्ही एकाच मोठ्या पेटाऱ्यात. पेटारा बाहेर अंगणात, आणि हवा दोन जाड नळकांड्यांतून घराखालून आत. जुना तुझ्या खोलीच्या खिडकीखाली होता तसाच, फक्त हा हिवाळ्यात गॅसवर चालतो. जुना तुझी आई गेल्यापासून नुसताच घुरघुरत होता. "बाबा, त्या भट्टीत बाळाला घेऊन कशी येऊ?" असं तू म्हणायचीस, ते बरोबरच होतं.

बसवायला टिफ्टनहून रॉयस आला होता. चाळिशीचा, तोंडाची टकळी अखंड सुरू. मी त्याच्यासाठी सकाळीच शेंगा उकडून ठेवल्या होत्या, आणि वीजही स्वतः बंद केली होती.

"वीज बंद आहे रे, मीच केलीय. कर सुरू," मी म्हणालो.

"काका, तुमच्यावर विश्वास आहे. विजेवर नाही," म्हणत त्याने तपासायचा मीटर लावला, आणि मीटरने वीज दाखवली की! त्या मेल्या जुन्या पेटाऱ्याला दोन ठिकाणांहून वीज होती, थंडाव्याची वेगळी आणि हीटरची वेगळी. मी एकच बंद केलेली.

"माझ्या बायकोला फुकटात विधवा करत होता की, काका!" रॉयस हसत होता. मग दुसरं बटण बंद करून त्याने त्यावर स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली, पुन्हा मीटर लावून बघितला आणि मगच हात घातला. "बंद असेल असं धरून चालायचं नाही. आपण लावून बघायचं," असं नंतर शेंगा सोलताना मला ऐकवलं. माझीच चूक होती.

नवा पेटारा ट्रकवरून उतरवण्याआधी तो तुझ्या खिडकीपाशी थांबला.

"काका, ही उघडते?"

"उघडते. पण उघडत कुणी नाही."

"गॅसचा धूर इथूनच बाहेर पडणार. खिडकी उघडी राहिली तर थेट आत. झोपलेल्या माणसाला कळतसुद्धा नाही."

"मग खिडकी ठोकून बंद करून टाकू."

"झोपायच्या खोलीची? उद्या आग लागली तर माणूस बाहेर पडेल कुठून?" तो वैतागला. "कुणी झोपतच नसेल तर गोष्ट वेगळी. खोली कुणाची?"

"मुलीची."

"येते का ती?"

"येते," मी म्हणालो. "उन्हाळ्यात. नातीला घेऊन."

"मग इथे नकोच," तो म्हणाला, आणि सगळं काम नव्याने मांडलं.

आता पेटारा बैठकीच्या बिनखिडकीच्या भिंतीशी आहे. तिथे नवा ओटा घातला, पाणी घराखाली जाऊ नये असा. वादळासाठी पेटारा पट्ट्यांनी जखडला. गॅसच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येत नाही ना हे बघितलं. तिथे तुझ्या आईने लावलेला अनंत होता. पेटाऱ्याभोवती जागा मोकळी लागते, म्हणून तो मुळासकट काढून तुझ्या खिडकीखाली लावलाय. जूनमध्ये झाड हलवू नये, मलाही कळतं. पानं गळताहेत. रोज पाणी घालतो.

घर इतकं गार झालंय की मी स्वेटर घालून बसतो. माझी खुर्ची त्याच भिंतीला लागून आहे. भिंतीमागे तो सुरू झाला की बरं वाटतं, कुणीतरी स्वयंपाकघरात कामाला लागल्यासारखं. थांबला की घर खायला उठतं.

शेल्बी, ओपलबाईंनी मला तुमचे फोटो दाखवले होते. गेल्या जुलैत तुम्ही फ्लोरिडाला ब्रेंटच्या आईकडे होतात. फ्लोरिडा काही थंड हवेचं ठिकाण नाही गं. आणि तुमच्या ओहायोहून तिकडे जायचा रस्ता आपल्या घरापासून अर्ध्या तासावरून जातो. मी रागावलो नाही. खोटं कशाला बोलू, रागावलो होतो. मग वाटलं, आई नसलेल्या घरात तुला पाऊल टाकवत नसेल. तसंच धरून चाललो आणि विचारलं नाही.

मला करमत नाही, पोरी. फोन वाजला की अजून माझ्या तोंडात येतं, "थांब, आईला देतो." आता देऊ कुणाला? म्हणून हे पत्र.

रॉयसला मी खोटं सांगितलंय. ते खरं करायचं की नाही, हे तुझ्या हातात आहे. उकाड्याचं कारण आता उरलं नाही. दुसरं असेल तर असू दे, पण ते मला सांग. नुसतं धरून चालायचं नाही असं ठरवलंय, म्हणून सरळ विचारतो. येतेस का?

तुझी खिडकी पुसून उघडी ठेवली आहे. सगळा गारवा बाहेर जातो. रॉयस भेटला तर त्याला बोलू नकोस.

फोन कर. या वेळी कुणाला देणार नाही, मीच बोलेन.

तुझा
बाबा