गुळगुळीत आणि हलका

ग्योतोकु, ९ नोव्हेंबर २०१५

तीर्थरूप बाबांना कौमुदीचा नमस्कार.

१. काल मी बंदुका दुरुस्त करणाऱ्या मोरीता-सानांच्या दुकानात गेले होते.
२. चाप हलका केलेली एक आखूड शिकारी रायफल त्यांनी रिकामी करून, दस्ता रबरावर आपटून तपासली.
३. चापाला कुणाचा हात नव्हता, तरी गोळीवर आपटणारा घोडा आपोआप सुटला.

मागच्या सुट्टीत घरी आले तेव्हा तुमच्या रायफलचा चाप मी तसाच हलका केला आहे. नेम सुधारला म्हणून तुम्ही सगळ्यांना कौतुकानं सांगत होतात आणि मी ऐकत होते. खरं तर तुम्ही "गुळगुळीत कर" म्हणाला होतात. मोरीता-सान म्हणाले, "खरखर काढायची, चाप ओढायला लागणारा जोर नाही." एवढा फरक मला तेव्हाच कळायला हवा होता.

काल फोनवर हे सांगितलं तर तुम्ही हसलात: "रानडुकरांना तुझं जपानी शास्त्र कळत नाही गं!" म्हणून लिहिते आहे. काजूच्या बागेत अंबरीषदादा तुमच्या पुढे चालतो.

मी बरी आहे. भूकंपाचे लहान धक्के अजून बसतात, पण सवय झाली आहे. आईचा गुडघा कसा आहे?

रायफल भरू नका. रत्नागिरीत परवाना असलेल्या कारागिराकडे द्या, आणि दिलीत की नाही ते वीस तारखेपर्यंत कळवा.

तुमची,
कौमुदी