शिंप्याच्या खुणा

प्रिय धाकटे,

तुला आशीर्वाद, आईला नमस्कार. लेकाकडे मी मजेत आहे. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं, पण हे आईला सांगू नकोस.

निवृत्त झाले तरी खडू सुटत नाही. इथे प्रौढांना लिहा-वाचायला शिकवते. मागच्या आठवड्यात धडा वाचता आला नाही म्हणून वर्गातल्या एका शिंप्याला तासभर उभं केलं, आपल्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर करायच्या तसं. पंचावन्न वर्षांचा माणूस, पुन्हा आलाच नाही. वर्ग चालवणारा पोरगा, काल मिसरूड फुटलेला, मला म्हणतो, "बाई, मोठ्यांना असं शिकवत नाहीत." माझा नुसता तिळपापड झाला.

पण माणूस माझ्यामुळे गेला, हे खुपत होतं. ब्लाउज सैल करायच्या निमित्ताने त्याच्या दुकानात गेले. त्याच्या वहीत गळा, बाही, कंबर, सगळ्याला स्वतःच्या खुणा होत्या.

म्हटलं, "या खुणा वर्गाला शिकवा."

"टिंगल करताय, बाई?"

"तोंडाची फटकळ आहे, खोटारडी नाही."

काल तो आला. त्याने फळ्यावर खुणा काढल्या, खाली मी शब्द लिहिले. सगळ्यांनी वाचले, त्यानेही. मग त्याने माझी परीक्षा घेतली. मी गळ्याला बाही म्हणाले आणि गुपचूप उभी राहिले.

"बसा हो बाई," तो म्हणाला. "उसवून पुन्हा टीप मारता येते."

तुझे गुडघे कसे आहेत? माझं लाल पेन नातीला चित्रं रंगवायला दिलंय.

तुझी फटकळ
ताई