विम्यापुरता धोका

३ एप्रिल, सकाळ.
नाव नोंदवलं. परदेशात, डोंगरमाथ्यावरून सायकलने थेट खाली, घड्याळ लावून. फॉर्मवर वय सत्तेचाळीस लिहिलं, ठळक अक्षरात. अट एकच, किरकोळ: दवाखाना आणि डोंगरावरून उचलून आणणं, दोन्हींचा मेडिकल विमा हवा, त्यावर 'रेस' हा शब्द हवा, आणि कागद तीस तारखेच्या आत हवा. बायकोचीही तीच अट. विमा नाही तर जाणं नाही, एवढं बोलून ती कपडे वाळत घालायला गेली. उद्या दुपारपर्यंत उरकतो.

४ एप्रिल.
उरकलं नाही. एजंट म्हणाला, ट्रॅव्हल पॉलिसी आत्ता देतो. सामान हरवलं, विमान चुकलं, ताप आला, सगळं बसतं. फक्त वेग, उतार आणि शर्यत बसत नाही. मी म्हटलं, तिथे जाऊन मी दुसरं काहीच करणार नाहीये. तो म्हणाला, मग सामान हरवा. असल्या माणसाकडून विमा घ्यायचाच नाही.

९ एप्रिल.
सापडली. खास धाडसी खेळांचा विमा देणारी कंपनी. फोनवरच्या बाई 'सर, सर' करत होत्या. फॉर्ममध्ये मात्र एक चौकट: हौशी की व्यावसायिक. हौशी हा शब्द मला झोंबला. हौशी म्हणजे गॅलरीत कुंड्या ठेवणारे. मी गेली दोन वर्षं डोंगर उतरतोय (त्यातलं एक वर्ष गुडघ्यात गेलं). व्यावसायिकवर खूण केली. माणसाला स्वाभिमान असावा.

१४ एप्रिल.
फॉर्म परत. योजना फक्त हौशी स्पर्धकांसाठी आहे, असं पहिल्याच पानावर तळाला लिहिलंय म्हणे. बारीक अक्षरात. माझं चष्म्याचं दुकान आहे हे बाईंना सांगायची गरज नव्हती. ओघात सांगून गेलो. नवा फॉर्म पाठवते म्हणून त्यांनी फोन ठेवला.

१५ एप्रिल.
नवा फॉर्म. 'हौशी'वर खूण, पुढे कंसात 'नाइलाजाने'. कमाल वेग विचारला होता. ताशी साठ किलोमीटर लिहिलं. मोजलेला नाही, पण कानात वारा कसा वाजतो त्यावरून अनुभवी माणसाला कळतं.
उद्यापासून पहाटे पाचला सराव.

१६ एप्रिल, सकाळी पावणेनऊ.
चेनला ऑइल नव्हतं.

१९ एप्रिल.
कंपनीचा मेल. साठच्या वेगामुळे माझी केस 'अति धोका' या गटात टाकली आहे. ऊर भरून आला. मेलची प्रिंट काढून काउंटरवर ठेवली. नंबर तपासायला बसलेल्या एका गिऱ्हाइकाला तक्त्याऐवजी तीच वाचायला दिली. 'अति धोका' त्याने बरोबर वाचलं, तरी मी पुन्हा वाचायला लावलं.
आता त्यांना उतरतानाचा पूर्ण व्हिडिओ हवाय, काटछाट न करता. त्यांचा तज्ज्ञ बघणार आहे. बघू दे.

२१ एप्रिल, रविवार.
पाण्याच्या टाकीमागच्या टेकडीवर शूटिंग. कॅमेरा मुलीकडे (वय सोळा, मतं अफाट). ती म्हणते, ती माझ्या बाजूने चालत होती आणि मी फ्रेममध्ये यावं म्हणून तिला दोनदा थांबावं लागलं. मोबाइलच्या लेन्समधून वेग कमी दिसतो. हे मला नाही कळणार तर कुणाला? मधे एक बाई भाजीची पिशवी घेऊन मला ओलांडून गेल्या. त्यांच्या पायाखालची वाट असणार. ब्रेक मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाबून ठेवले होते, ते टेस्टिंगसाठी.
पाठवला.

२५ एप्रिल.
उत्तर नाही. तज्ज्ञाला पुन्हा पुन्हा बघावा लागत असेल. बायकोला सांगून ठेवलं की धोका फारच निघाला तर कंपनी कच खाईल. ती स्वयंपाकघरात गेली. भाजीत दोनदा मीठ पडलं.

२९ एप्रिल, संध्याकाळ.
पत्र आलं. तज्ज्ञांनी व्हिडिओ तीनदा पाहिला. 'अर्जदाराच्या हालचालीत धाडसी खेळाची कोणतीही लक्षणं आढळली नाहीत. पायी सहलीची साधी पॉलिसी पुरेशी आहे.' ती मंजूर करून सोबत जोडलीही होती. 'रेस' शब्द नाही. फोन केला. निदान तो एक शब्द घाला म्हटलं. बाई म्हणाल्या, काका, खोटं कसं लिहू?

३० एप्रिल.
त्या शब्दावाचून आयोजकांनी माझं नाव काढलं. दुकानात सांगितलं, कंपनीने माघार घेतली.
घरी ते जमलं नाही. पत्र बायकोला वाचून दाखवलं. मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. बायको हसली नाही. चष्मा काढून डोळे पुसत म्हणाली, हे महिन्यापूर्वी कळलं असतं तर चार रात्री झोपले तरी असते. महिनाभर ती माझ्या शेजारी जागी होती म्हणे, आणि मी घोरत होतो. मला लाज वाटली. खरं तर बरंही वाटलं. मी त्या डोंगरावरून ताशी साठने येईन, असं जगात एका माणसाला तरी मनापासून वाटत होतं.
पत्र तिला दाखवायला नको होतं.