एकशे त्रेचाळीस तुकड्यांचं स्टेशन

१ मार्च, रविवार. सकाळी १०.
किट आलं. लाकूड आणि प्लास्टिक मिळून एकशे त्रेचाळीस तुकडे, जोडले की हातभर लांबीचं रेल्वे स्टेशन. डब्यावर 'वय वर्षे चौदा आणि पुढे' असं लिहिलंय. मी बावन्नचा. म्हणजे प्रश्नच नाही.

कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहून ठेवतो. बाबा एकतीस वर्षं अशाच एका छोट्या स्टेशनवर मास्तर होते. ते स्टेशन पाडलं. आई गेल्यापासून बाबा एकटे राहतात आणि मागच्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले. तीन तास तसेच पडून होते. आता त्यांना एकटं ठेवायचं नाही, हे ताईचं आणि माझं ठरलंय. तिच्याकडे की माझ्याकडे, ते त्यांनी ठरवायचं. २९ला ताई आणि बाबा इथे जेवायला येणार. तेव्हा त्यांच्यासमोर त्यांचं स्टेशन ठेवायचं, बस. बोलायची गरजच नाही.

निश्चय : रोज एक तास. सहा दिवसांत पुरं.

त्याच दिवशी, दुपारी.
टेबलाला जागा हवी म्हणून मागच्या खोलीतली कॉट उभी करून भिंतीला टेकवली. ही म्हणाली, खोली बाबांसाठी रिकामी केली होती ना? म्हटलं, बाबांसाठीच तर चाललंय. मग म्हणाली, अहो, फोन करा आणि सरळ विचारा, इकडे राहायला येता का म्हणून. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, सरप्राइज म्हणजे काय हे हिला अजून कळलेलं नाही.

३ मार्च.
तुकडा नं. ३७ हरवला. तिकिटाची खिडकी. तासभर गुडघ्यांवर रांगलो. सापडेल.

७ मार्च.
सहा दिवस झाले. तीन भिंती उभ्या. चौथी उलटी चिकटली, स्टेशनाची पाटी आतल्या बाजूला. ब्लेडने काढताना भिंत तडकली. व्हिडिओत शिकवणारे शांत गृहस्थ प्रत्येक वाक्यानंतर 'आता वाळू द्या' म्हणतात. त्यांना बहुतेक २९ तारीख नाही.

पण एक चांगली गोष्ट शिकलो. वेदरिंग. नवं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, म्हणून त्यावर काजळी, गंज, ओलीचे डाग रंगवून ते जुनं करतात. म्हणजे तडा गेला ते बरंच झालं. वेदरिंगची सुरुवात झाली म्हणायची.

११ मार्च.
छप्पर बसवताना अंगठा आणि दोन बोटं छपराला चिकटली. तेवढ्यात ताईचा फोन. हिने माझ्या कानाला धरला. ताईने विचारलं, बाबांशी बोललास का? म्हटलं, काम चालू आहे. छप्पर हातालाच होतं, खोटं काय बोललो? नेलपॉलिश काढायच्या पाण्याने बोटं सुटली. चार थेंब प्लॅटफॉर्मवर पडले आणि प्लॅटफॉर्म वितळला. जुने प्लॅटफॉर्म खचतातच.

१६ मार्च.
ऑफिसला रजा टाकली. साहेबांनी कारण विचारलं. कौटुंबिक, म्हटलं. त्यांनी माझ्या काळ्या नखांकडे बघितलं आणि लगेच सही केली.

कॉटची गादी जमिनीवर होती, तिच्यावर मॉडेल ठेवून प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, स्प्रे केला. डब्यावर 'मोकळ्या हवेत' असं लिहिलं होतं, ते नंतर वाचलं. गादीवर स्टेशनाच्या आकाराची जागा सोडून सगळीकडे राखाडी रंग. ही दारात उभी राहून बघत होती. मग खिडकी उघडून निघून गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

२१ मार्च. दुपारी.
छप्पर डावीकडे झुकलंय. दाराला बिजागरी नाही. खिडकी नाहीच. मला काही जमत नाही. शाळेत लाकडी स्टूल करायला दिलं होतं, त्याचे दोन पाय मी केले आणि दोन बाबांनी. मार्क माझ्याच दोन पायांचे कापले गेले. मॉडेल उचलून कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेलो आणि परत आणून टेबलावर ठेवलं. बाबा तीन तास फरशीवर पडले होते आणि मला दोन दिवसांनी कळलं, तेही ताईकडून. मला फोन का केला नसेल?

संध्याकाळी.
आज त्यांना विचारूनच टाकायचं ठरवलं. फोन लावला. जेवलात का, विचारलं. हो म्हणाले. ठेवला.

२६ मार्च.
वेदरिंग. इथे माझा हात बसला. पातळ काळा रंग भिंतीवरून ओघळू दिला, छपरावर गंजाची पूड दाबली. शांत गृहस्थ म्हणतात, थोडंच करा. त्यांना कलेची भीती वाटते. शेवटी वार्निशचा हात मारून दिवसभर वाळवायला सांगतात, नाहीतर रंग सुटतो म्हणे. वार्निश संपलंय. हात कोण लावणार आहे?

२८ मार्च.
पुरं झालं. एकशे बेचाळीस तुकडे. दारात बोटाच्या पेराएवढा स्टेशनमास्तर, हातात हिरवा झेंडा. हिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, आग लागली होती का तिथे? मग पुन्हा तेच, बाबांना विचारलंत का, आणि कॉट कधी आडवी करणार? म्हटलं, उद्या. आज टेबल हलवलं तर छप्पर जाईल.

२९ मार्च, रविवार. सकाळी ९.
उद्यापासून बाबा या घरात. मला आत्ताच भरून येतंय.

२९ मार्च. संध्याकाळी ७.
जेवणं झाल्यावर सगळ्यांना मागच्या खोलीत नेलं. बाबांनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. लगेच ओळखलं. मास्तराला बोट लावलं. बोटाला काळं लागलं, ते उजेडात धरून बघितलं.

मग विचारलं, ही घाण कुणी केली?

म्हटलं, बाबा, हे वेदरिंग आहे. मुद्दाम जुनं केलंय. ते म्हणाले, माझं स्टेशन असं कधीच नव्हतं, दर शनिवारी उभा राहून धुऊन घ्यायचो. हिच्याकडे वाटीभर पाणी आणि मऊ फडकं मागितलं. दोन तास पुसत बसले. कोपऱ्यांसाठी काडीला कापूस गुंडाळला. वार्निश नव्हतं, त्यामुळे सगळं निघालं. माझे सगळे डाग, सगळा गंज. झुकलेल्या छपराखाली काडीचा तुकडा सारून ते सरळ केलं. गुणगुणत होते. आई गेल्यापासून त्यांना असं बघितलं नव्हतं. मी मनात म्हटलं, झालं काम.

पुसून झाल्यावर बाबा ताईला म्हणाले, हे गाडीत मी मांडीवर घेऊन बसतो, तुझ्याकडे खिडकीत ठेवू.

मला कळेना. ताई म्हणाली, तिने त्यांना महिन्याच्या सुरुवातीलाच विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, २९ला सांगतो, आधी तो काय म्हणतो ते बघू. मी बाबांकडे बघितलं. ते उभ्या कॉटकडे बघत होते. म्हणाले, तुझी ही खोली कामाची आहे रे, मी कुठे मध्ये येऊ. आवाजात राग अजिबात नव्हता. मला त्यांचा वाटेल तेवढा राग चालला असता.

मी म्हटलं, बाबा, ही खोली तुमचीच. फार हळू म्हटलं असणार. ते फडकं पिळत होते.

खाली गाडीपर्यंत गेलो. मांडीवर स्टेशन, दोन्ही हात छपरावर. गाडी हलताना त्यांनी एक हात वर केला, सुटणाऱ्या गाडीला मास्तर करतात तसा. फक्त या वेळी सुटत होते ते स्वतः.

३० मार्च. सकाळी ८.
कॉट आडवी केली. तिच्यामागे भिंतीशी तुकडा नं. ३७ सापडला. तिकिटाची खिडकी. अगदी स्वच्छ.

निश्चय : बाबांना आत्ताच फोन करून सांगायचं, खिडकी सापडली, घेऊन येतो. आणि दुसरंही सांगायचं.

८.१५.
फोन लावला. जेवलात का, विचारलं. सकाळी सव्वाआठला. अजून नाही, म्हणाले. ठेवला.