पांढऱ्यावर पांढरं

मंगळवार, ११ नोव्हेंबर

श्रावस्तीचा नागपूरहून फोन. चंदा जाऊन नऊ दिवस झाले, पोरीचा आवाज अजून बसलेलाच. मला तिसऱ्या दिवशी कळवलं — तक्रार कुठल्या तोंडाने करू? २३ला पुण्यानुमोदन. "मावशी, तुम्ही जुने फोटो दुरुस्त करता ना? आईचा लग्नातला करून द्या. तिला तोच आवडायचा."

हो म्हटलं. निवृत्तीनंतर शिकले हे. दिल्लीत, मयूर विहारातल्या या सोसायटीत निम्म्या घरांत माझी कामं टांगलेली आहेत. सख्ख्या धाकट्या बहिणीला नाही म्हणू?

त्या फोटोची प्रत माझ्याकडेही आहे. मला अजिबात आवडत नाही.

शुक्रवार, १४

निगेटिव्हचं स्कॅन आलं. फ्लॅश अगदी तोंडावर मारलेला. शेजारी उभा संघपाल ठीक. चंदा म्हणजे कपाळापासून खालपर्यंत पांढरा डाग.

लिहूनच टाकते. संघपालला नोकरी नव्हती, म्हणून मी लग्नाला विरोध केला. तिला मी शिकवलं होतं — मला अधिकार होता! गेले नाही. साडी मात्र पाठवली. पांढरी, पदरावर पांढऱ्याच रेशमाने पिंपळाची पानं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून दोन महिने काढली. सातव्याचं देठ उलटीकडे वळलं, उसवायला वेळ नव्हता.

महिन्याने हा फोटो आला. मागे तिचं अक्षर — "ताई, एकदा ये." पुढे फोटोत कोरी पांढरी साडी, पदरावर एकही पान नाही. माझी नेसलीच नव्हती!

एकवीस वर्षं गेले नाही. दर १४ एप्रिलला तिचा फोन. "जय भीम, ताई." "जय भीम. कामात आहे." यंदा आला नाही. दिवसभर वाट पाहिली. आपण होऊन केला नाही.

रविवार, १६

हवेच्या प्रदूषणाचा आकडा चारशेच्या वर. खिडक्या बंद. चेहरा घेतला. त्याच फोटोचा गडद थर वर चढवायचा, त्यावर काळा मास्क — म्हणजे थर सगळा झाकला जातो. मग पांढऱ्या ब्रशने हवा तेवढाच उघडायचा. श्रावस्ती फोनवर म्हणाली, "सगळाच गडद करा ना!" "अगं, मग तुझा बाप कोळसा होईल!" हसली. चंदासारखीच, नाकातून.

गाल आले. भुवईवरची खूण आली. भूमिती शिकवताना मी मारलेल्या फूटपट्टीची.

सोमवार, १७

काही केलं नाही.

मंगळवार, १८

साडी शेवटी ठेवली होती. पदरावर ब्रश फिरवला. आधी चुण्या आल्या, मग काहीतरी टोकदार. धूळ समजून पुसायला निघाले होते! मोठं करून पाहिलं.

पानं.

मोजली. सातव्याचं देठ उलटं.

बुधवार, १९

श्रावस्तीला विचारलं, ती साडी आहे का गं घरात? एकदा बघायची आहे.

"नाही, मावशी. आईला तीच नेसवून नेलं. तिनं सांगून ठेवलं होतं."