उजवा कौल

गुंद, १९११

चि. वासू यास मामाचा आशीर्वाद.

डॉक्टरकीचं संशोधन मुंबईला की एडिंबरोला, म्हणून मी तुझ्यासाठी देवाला कौल लावला. फूल डावीकडे, मुंबईच्या बाजूला पडलं. तुला मात्र उजवीकडे, एडिंबरोच्या बाजूला पडलं असं सांगितलं. गावात विलायतेला गेलेला भाचा मिरवायचा होता ना!

तू तिकडं हिवतापावर प्रबंध लिहितोस. इथं काल तुझी आई हिवतापानंच गेली. जाताना म्हणाली, "दादा, वासू मुंबईला असता तर आला असता, व्हय? पण देवानंच धाडलं, मग बोलायचं कुणाला?"

मी मान डोलावली.

हे वाचलंस तर प्रबंध टाकून येशील. म्हणून टपालात दुसरंच पत्र घालतोय: आई खुशाल आहे, तुझी वाट बघते.

देवाहून शहाणा,
परशूमामा