शिवून टाकलेला समुद्र

ती. अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? माझी तब्येत ठणठणीत आहे. डोळ्यांचं विचारू नकोस.

सध्या रविवारी दुपारी आमच्याकडे समुद्रपर्यटन चालतं. चिमणीनं (कॉलेजात गेली तरी नाव तेच) एक खेळ आणला आहे. पुठ्ठ्याचे तुकडे पालथे मांडायचे, आपलं जहाज सरकवत एकेक उलटायचा, बेट निघालं तर ठाणं वसवायचं, नुसतं पाणी निघालं तर गप्प बसायचं. ज्याची ठाणी जास्त तो जिंकला. खेळायला मी, ही, चिमणी आणि शेजारचे कंपाउंडर (हे गृहस्थ औषध मोजावं तसं जहाज हलवतात, तोवर माझा चहा गार होतो). आता पंख्याच्या वाऱ्यानं तुकडे सरकायचे आणि भांडणं व्हायची. मी पडलो शिंपी. एका शनिवारी घरात कुणी नाही असं बघून सगळे तुकडे सुलटे केले आणि निळ्या अस्तरावर मशीननं टिपून टाकले. रविवारी मोठ्या ऐटीत ते अंथरलं. चिमणी म्हणाली, "बाबा, आता शोधायचं काय?" अख्खा समुद्र उघडा पडला होता, अक्का! कुठलं बेट कुठे आहे ते कंपाउंडरांनासुद्धा दिसत होतं.

उसवायला अर्थात मीच बसलो. उसवणं तूच मला शिकवलंस, पहिल्या धपाट्यासकट. पण टाके दिसेनात. पातं दोनदा बोटात गेलं आणि एकदा बेटात. शेवटी चष्मा दुकानात राहिला अशी थाप मारली (चष्मा नाकावरच होता), आणि हिनं कापड ओढून घेऊन स्वतःच उसवलं.

त्यानंतरच्या रविवारी कंपाउंडरांचं हिरवं जहाज माझं निळं समजून मी दोनदा हाकलं. ते म्हणाले, "रडीचा डाव खेळू नका हो!" मी हसून लबाडी कबूल केली. लबाड म्हणवून घेणं परवडलं. ज्याला निळ्या-हिरव्यातला फरक कळत नाही, त्याच्याकडे कापड कोण टाकेल? शिवणकाम सुटलं तर मी दिवसभर करू काय, अक्का?

काल जहाजांची डबी उघडली, तर माझ्या जहाजावर कोटाचं चार भोकांचं बटण चिकटवलेलं. बोट फिरवलं की कळतं. चिमणीला असल्या करामती सुचतात, शोभेसाठी लावलं असेल. बराच वेळ ते हातात धरून बसलो होतो.

तुझा,
धाकटा

ता. क. येत्या गुरुवारी सकाळी मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरवून आलो आहे. घरी कापड आणायला जातो असं सांगणार आहे. मला भीती वाटते. तू ये. हिला मात्र कळू देऊ नकोस, उगाच जिवाला लावून घेईल.

आणखी एक ता. क. आत्या, बाबांनी पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडे दिलं. ओळी एकमेकींवर चढल्या होत्या, म्हणून मी सगळं नव्यानं उतरवून काढलंय. बटण मी नाही, आईनं चिकटवलं. गुरुवारचंही तिला ठाऊक आहे. तीसुद्धा त्या सकाळी कापड आणायलाच निघणार आहे, फक्त बाबांना अजून सांगितलेलं नाही. तू बुधवारीच ये.